गाण्यांच्या मधलं बोलणं

आप्पा,

तुमची गाणी सगळी जागेवर आहेत. एकूण एक. तुम्ही ठेवून गेलात त्यापेक्षा त्यांची तब्येत आता चांगली आहे. खरखर गेली, टेप ओढल्यामुळे रडवेले झालेले सूर सरळ झाले, आणि प्रत्येक गाण्याशेजारी एक चौकोनी रंगीत चित्रसुद्धा आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही जे बोलायचात तेवढं फक्त गेलं. ते कसं गेलं आणि त्यात माझा हात किती, हे सांगायला बसले आहे. आईला निम्मं सांगून झालंय. ती ऐकत ऐकत शेंगा फोडत राहिली. उरलेलं निम्मं तिला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुमच्याकडे आले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी बोलत असताना तुम्ही मध्येच उठून पेपर शोधायला जाणार नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

तो टेपरेकॉर्डर घरात आला तो दिवस मला आठवतो. तुम्ही नागापूरला कारखान्यात लेथवर, आणि दिवाळीच्या बोनसातून वस्तीतल्या बाकीच्या घरांत मिक्सर येत होते, लोखंडी कपाटं येत होती. तुम्ही आणलात दोन कप्प्यांचा टेप. आई म्हणाली, "ह्याच्यात चटणी वाटून दावा मला." तुम्ही हसलात आणि टेपवर तिनेच विणलेला रुमाल घातलात, म्हणजे तिला त्यावर हात उगारता येईना. एका कप्प्यात वाजणारी कॅसेट, दुसऱ्या कप्प्यात भरणारी, आणि समोर मांडी घालून तुम्ही, हातात तो करंगळीएवढा माइक. तुमची सेकंड शिफ्ट असली की दुपारी अडीचला सायकल काढायचात. त्या आठवड्यात घर खायला उठतं, असं आई एकदाच म्हणाली असेल. पुढच्या सुट्टीला तुम्ही दार लावून बसलात आणि तिला एक कॅसेट भरून दिलीत. एक गाणं, मग तुमचं बोलणं, मग दुसरं गाणं. पुढे प्रत्येक सेकंड शिफ्टच्या आठवड्याला नवी कॅसेट, हा आपल्या घरातला कायदाच झाला.

मी ओट्याखाली पाट मांडून अभ्यासाला बसले आहे. आई भाकऱ्या थापते आहे. टेपमधून तुमचा आवाज येतो, रेडिओवाल्यासारखा इस्त्री केलेला: "नमस्कार. हे नागापूर केंद्र आहे. श्रोत्यांनी आता पुढील गीत ऐकावं." आणि लगेच इस्त्री मोडते: "आन ह्ये गानं संपायच्या आत दूध उतरवा श्रोत्यांनी, कालच्यावानी उतू घालू नका." आई पिठाच्या हातानं पातेलं उतरवते आणि टेपकडे न बघता म्हणते, "उतरवलं." तुम्ही म्हणता, "पोरगी अभ्यासाला बसली का?" ती म्हणते, "बसलीय, पन ध्यान न्हाई." तुम्ही तिकडे लेथवर, चार मैलांवर, आणि इथे तुमचं दोघांचं बोलणं चाललंय. आई कॅसेट किती वाजता लावेल, कितव्या गाण्याला ती काय करत असेल, याचा तुम्ही असा नेमका हिशेब बांधायचात की एकदा भाकरी करपायला आणि तुम्ही "तवा बघ" म्हणायला एकच गाठ पडली. आईने त्या दिवशी टेपला कोपरापासून हात जोडले.

तुम्ही गेल्यावर त्या कॅसेट ट्रंकेत होत्या. मी नगरला परत राहायला आले, तोवर निम्म्यांवर पांढरी बुरशी धरली होती. मी एक जुना टेप मिळवला, वायर लावून तो लॅपटॉपला जोडला, आणि कित्येक रविवार बसून एकेक कॅसेट आत घेतली. प्रत्येक गाणं वेगळं कापलं. तुमचं बोलणं ज्या गाण्याआधी, त्या गाण्याच्या डोक्यावर तसंच ठेवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तेव्हा गाण्यांच्या एका कंपनीची जाहिरात होती: तुमची स्वतःची गाणी आमच्याकडे ठेवा, हवी तिथे, हव्या त्या फोनवर ऐका. वर्षाची वर्गणी भरली आणि सगळी वर चढवली. मग लॅपटॉप बदलला. जुना देताना दुकानदाराने विचारलं, आत काही ठेवायचंय का? मी म्हटलं, पुसून टाका, सगळं वर आहे. आणि भंगारवाला आला तेव्हा ट्रंकेतल्या कॅसेट मीच पोत्यात भरल्या.

"आगं, राहू दे की. काय खायला मागत्यात का त्या?" आई दारात उभी.

"आई, बुरशी आहे त्यांना. सगळं वर आहे आता."

"वर म्हंजी? पत्र्यावर?"

मी तिला समजावून सांगितलं. शिकलेल्या माणसाला कमी शिकलेल्या माणसाला समजावून सांगताना जो एक मधाळ आवाज फुटतो, तो लावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, तुला कळतंय." भंगारवाल्याने कॅसेट प्लास्टिकच्या भावात घेतल्या आणि ट्रंक लोखंडाच्या.

यंदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. दोन दिवस पट्टी बांधून पडून राहायचं. टीव्ही नाही, भाजी निवडणं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "ह्यांची कॅसेट लाव बरं ती." इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा मागितली. मी फोन तिच्या उशाशी ठेवला आणि तुमची यादी उघडून पहिलंच गाणं लावलं. गाणं सुरू झालं. थेट गाणंच. आई डोळ्यावर पट्टी घेऊन, चेहरा फोनकडे करून वाट बघते आहे. "पुढचं लाव." पुढचंही थेट. "त्याच्या फुडचं." मी दहा-बारा गाणी पुढे गेले असेन. गाणी इतकी स्वच्छ, इतकी काचेसारखी, की त्यात तबल्याच्या मागचं आणखी एक वाद्य मला जन्मात पहिल्यांदा ऐकू आलं. आई म्हणाली, "हे कुनाचं लावलंस?"

"आपलंच आहे. आप्पांचं."

"मग ते कुठं गेलं?"

झालं होतं ते असं, आप्पा. कंपनीचं यंत्र तुम्ही दिलेलं गाणं कान देऊन ऐकतं. ओळखीचं निघालं, म्हणजे कंपनीच्या कोठारात ते आधीच असलं, तर तुमचं ठेवत नाही. तुमच्या नावासमोर स्वतःचं लावून देतं. तेच गाणं, तोच गायक, आवाज जास्त चांगला. मग एकाच गाण्याच्या हजार माणसांच्या हजार खरखरीत प्रती कशाला सांभाळायच्या? तुमच्या माझ्यासारख्यांच्या घरातला पितळेचा तांब्या नेऊन कुणी स्टीलचा नवा ठेवावा, तसं. तांब्या तांब्याच्या जागी आहे. तक्रार काय करणार?

तरी केली. मदत केंद्रात एक जण लिहून बोलायला आला. माणूस होता की यंत्र, देव जाणे, पण सभ्य होता. त्याने लिहिलं, अभिनंदन, तुमच्या संग्रहातल्या बहुतेक गाण्यांना अधिक चांगली प्रत मिळाली आहे. मी लिहिलं, मला माझी जुनी वाईट प्रत हवी आहे. तो म्हणाला, तुमच्या मूळ प्रतीच्या सुरुवातीला काही अनावश्यक आवाज असण्याची शक्यता आहे. मी लिहिलं, तो अनावश्यक आवाज माझे वडील आहेत. बराच वेळ तीन ठिपके नाचत राहिले. मग उत्तर आलं: आम्ही तुमच्या भावना समजू शकतो, मूळ फाइल तुमच्या संगणकावर असेलच, ती पुन्हा चढवावी, आणि आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल? मी आयुष्यभर पेपरात लोकांना टोमणे मारून पोट भरलेली बाई. चार तारे दिले, आप्पा. माझ्या हातून चार तारे गेले.

यंत्राला जी ओळखता आली नाहीत ती गाणी मात्र तशीच राहिली. जयंतीला विहारासमोर मांडव घालून गायन पार्टी बसायची, ते तुम्ही भरून घेतलेलं. ते कुठल्याच कोठारात नाही, त्यामुळे वाचलं. पण तिथे तुम्ही बोलत नाही. तिथे तुम्ही फक्त टेप धरून पुढच्या रांगेत बसलेले. त्या सगळ्यांसमोर 'अज्ञात कलाकार' असं लिहिलंय. आईला वाचून दाखवलं तर भडकली. "अज्ञात म्हनं! ढोलकीवर माझा सख्खा मामेभाव हाय. जेवून गेलता आपल्याकडं, अकरा भाकरी." मग पट्टीवरूनच कपाळाला हात लावून म्हणाली, "तसंबी ह्यांनी शेवटी शेवटी बोलायचं सोडलंच व्हतं की. नुसतीच गानी भरून द्यायचे. कट्टाळले असतील."

ते उरलेलं निम्मं इथून सुरू होतं.

मी अकरावीत होते. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी पहिल्यांदा घरी आल्या होत्या, नळावर पाणी आलं म्हणून आई हंडे घेऊन गेलेली. त्यांच्यासमोर टेप लावावा म्हणून मी लावला, आणि गाण्याआधी तुमचं नागापूर केंद्र सुरू झालं. दूध उतरवा, कोथिंबीर वाळत टाकू नका. त्या दोघी आधी एकमेकींकडे बघून आणि मग तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. तेवढ्यात तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून दारात. हात तेलकट, डबा खांद्याला. तुम्हाला वाटलं, पोरी खुशीने हसतायत, तुम्हीही हसलात. आणि मी त्यांच्यादेखत म्हटलं, "आप्पा, तुम्ही मध्ये मध्ये बोलता ना, त्याने गाणं खराब होतं." तुम्ही डबा खाली ठेवलात. "खराब व्हतं?" असं विचारलंत, अगदी माहिती घेतल्यासारखं, जसं नव्या मापाबद्दल साहेबाला विचारावं. मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि साबण घेऊन बाहेर हात धुवायला गेलात. त्यानंतरच्या सेकंड शिफ्टच्या कॅसेटवर फक्त गाणी होती. आईने विचारलं असणार, आणि तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, हे मला यंदा, तिच्या त्या 'कट्टाळले असतील'वरून कळलं. तीस वर्षं ती समजत होती की तुम्ही तिच्याशी बोलायला कंटाळलात. यंत्राने जे केलं ते मी सांगितलेलंच काम होतं. फक्त मला एक वाक्य पुरलं आणि त्यांना एवढा पसारा लागला.

वस्तीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात तुम्ही रुखवतात एक कॅसेट ठेवायचात, तुम्हाला आठवतं ना? सप्तपदी नव्हती आपल्यात, पण रुखवताची हौस सगळ्यांना. चकल्यांचा डोंगर, शेवयांचं घर, मण्यांचा मोर, आणि मध्ये तुमची कॅसेट. पाठीवर तुमचं ते कारखान्यातल्या ड्रॉइंगवरचं तिरपं अक्षर. माझ्या रुखवतात ठेवलीत तीही. तिच्यात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. गाण्यांच्या मधली शांतता मोजून सारखी, एखाद्या कंपनीला लाजवेल अशी. मी तेव्हा खूश झाले होते. ती कॅसेटही मी पोत्यातच घातली.

मग मला शेजारची ताई आठवली, आपल्या भिंतीला भिंत असलेल्यांची थोरली. माझ्या त्या अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, शेवगावला दिली. तुम्ही तिलाही कॅसेट दिली असणार. फोन केला तर म्हणाली, "हाय की. यांच्या टेम्पोत हाय. तू ये, पन न्यायला म्हनून येऊ नको." मी दुसऱ्याच दिवशी एसटीने गेले. ताईचे मालक मार्केट यार्डात माल वाहतात. त्यांच्या जुन्या टेम्पोला अजून कॅसेटचा टेप आहे आणि तो चालतो. दुपारी यार्ड मोकळं होतं. कांद्याच्या साली उडत होत्या. ताई ड्रायव्हरच्या जागी बसली, मी शेजारी, काचा वर, कारण बाहेर हमाल गप्पा मारत होते.

"आधी सांगते," ताई म्हणाली, "कॅसेट मागायची न्हाई. तू भंगारात घालनारी."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या आईनं. सगळ्या गावाला सांगितलंय." आणि तिने चावी फिरवली.

आप्पा, तुम्ही आलात. आधी खाकरलात. मग: "नमस्कार. हे नागापूर केंद्र आहे. आज आपल्या वस्तीतली थोरली लेक शेवगावला निघाली. तिकडं पानी कमी हाय, तवा रडायचं बी बेतानं." ताई हसली आणि डोळे पुसले, मला वाटतं दरवेळी ती दोन्ही करत असणार. मी फोन टेपजवळ धरून सगळं भरून घेत होते. ताई मध्येच बोलत होती, "हे बघ, आता माझ्या सासूला टोमना हाय," "आता ऐक, खोकल्यावर गुळन्या सांगत्यात," आणि मी तिला गप्प बस म्हटलं नाही. एक बाजू संपली. तिने कॅसेट उलटी करून घातली. दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्याआधी, तुम्ही पुन्हा खाकरलात. या वेळी इस्त्रीचा आवाज नव्हता.

"ही बोलून भरलीया बग. आमच्या घरी आता बोललेलं चालत न्हाई. पोरगी म्हनती, गानं खराब व्हतं. शिकलेली हाय, तिला कळतं. माझ्या इतकी वरसं ध्यानातच आलं न्हाई. तुलाबी नगं वाटलं, तर फुडं पळव."

आणि गाणं.

ताई समोर काचेबाहेर बघत होती. तिला ते पाठ होतं. तीस वर्षं पाठ होतं, आणि मला ती भेटत आलेली, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आलेली, तुम्ही गेलात तेव्हा आईला धरून बसलेली. म्हणाली, "म्या कधी न्हाई पळवलं." टेम्पोतून उतरताना माझ्या पिशवीत तिने शेवगा कोंबला, दारचा.

नगरला आल्यावर आईला ऐकवलं. पट्टी सुटली आहे, एका डोळ्याने ती आता घरातला प्रत्येक कागद वाचते, बिस्किटाच्या पुड्यावरचा पत्ता सोडत नाही, त्यामुळे हे पत्र मी घरात ठेवू शकत नाही आणि ते टाकायला पेटी तर कुठेच नाही. तर आईला ऐकवलं. पदर खोचून, खुर्चीत नीट सावरून बसली, पाहुणे आल्यासारखी. तुम्ही खाकरलात आणि तिने मान हलवली. "रडायचं बी बेतानं" ऐकून म्हणाली, "असंच. असंच बोलायचा ह्यो मानूस." गुळण्यांच्या जागी तिने तुम्हाला उत्तर दिलं. "मीठ टाकून," म्हणाली, मोठ्याने, फोनला.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं थेट सुरू झालं, कारण त्याच्या आधीचा तुकडा मी बसमध्येच कापला होता. पाथर्डी यायच्या आत. फोनमध्ये ते फार सोपं आहे, दोन बोटांचं काम. वेगळा ठेवलाय, पुसलेला नाही. पण तिच्यासाठीच्या प्रतीत तो नाही.

आई गाणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "हितं कायतरी गेलंय. ते असं झटकन गानं लावत नसायचे. आधी खाकरायचे."

"टेप जुना आहे गं. ओढला असेल."

"आसंल." तिने फोन कॅसेटसारखा उलटून बघितला. "का माझ्याशी बोलून कट्टाळले व्हते म्हनून लोकांच्या पोरींशी बोलायचे? तुला काय वाटतं?"

मी तुमचं नागापूर केंद्र पुन्हा पहिल्यापासून लावलं, आप्पा.